बिनकाचेचा फोटो

आमच्या ह्याईचा ब्लॉग तुमी वाचला असंल. नसंल वाचला तर वाचू नका. ‘हर्षलची काटकसर’ असं त्याचं नाव हाय. वरतं ह्याईचा गळ्यात कॅमेरा अडकवेल फोटो, अन् त्याच्या खाली लिहेल हाय, ‘छंद जोपासा, पैसा वाचवा’. छंद त्याईचा. वाचवाचं काम माह्याकडे.

मोताळ्याच्या एका कॉलेजात हे प्रयोगशाळेत कामाले हायेत. पगार बरा हाय, घर स्वतःचं हाय, एक पोरगी हाय, छकुली. लोकं म्हनतात तसं खाऊनपिऊन सुखी. पन चमडी जाईन पन दमडी जानार नाही, हे ज्यानं पह्यल्यांदा म्हनलं त्यानं आमचंच घर पाह्यलं असंल. हिवाळाभर फ्रिज बंद. चहाची पत्ती दोनदा उकळाची. न्हानीतलं पानी बादलीत धरून अंगनातल्या लिंबाले टाकाचं. आता त्यात काही वाईट नाही, माह्या माहेरीही पान्याचा थेंब वाया जात नव्हता. पन माहेरी ते कोनी लिहून जगाले सांगत नव्हतं.

हे लिहतात. अन् लिहतात कसं, तर जसे पुन्यातच जन्मले. घरात ‘वंदे, ग्यास बारीक कर वं, काऊन भडकवून राह्यली’ म्हननारा मानूस तिथं लिहते, ‘माझी सौ. मंद आचेवरच आनंदाने स्वयंपाक करते.’ माह्या एका साडीचे ह्याईनं मले न इचारता पडदे करून घेतले. ती साडी मले बाबानं घेऊन देल्ली होती, लग्नानंतरच्या पह्यल्या दिवाळीले. मी दोन दिवस बोलली नाही. ब्लॉगवर आलं, ‘जुन्या साडीचे पडदे पाहून सौ. किती खूश झाली म्हणून सांगू!’ मी खूश झाली हे मले तिथंच समजलं. त्याच्या खाली नाशिकच्या एका बाईनं लिहलं होतं, अशी साथ देणारी बायको मिळायला नशीब लागतं. त्या बाईले एकदा आमच्या घरी चार दिवस राहाले बलवा, असं मले लय वाटे.

मंग प्रिंटर आला. त्याच्यातली शाई संपली की दुकानातली डबी घ्याची नाही. सुटी शाई बाटलीत आनाची अन् दवाखान्यातल्या सुईनं जुन्याच डबीत भराची. ह्याईचे बोटं सदा निळेजांभळे. फोटोचा कागदही कुठून तरी थोकात आनेल, सगळ्यात हलका. ‘स्टुडिओचा खर्च विसरा’ हा लेख त्याईचा सगळ्यात जास्त वाचल्या गेला. त्या लेखानं हे असे फुगले, की घरात आमच्याशी बोलले तरी लेख सांगितल्यासारखे बोलत.

माहे बाबा शालिग्राम, पिंपळगाव राजाचे. मळ्यात मेथी, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, वांगे कराचे अन् बाजाराच्या दिवशी स्वतः दुकान मांडून बसाचे. तरनेपनी बैलानं मुंडी झटकली अन् समोरचा एक दात गेला. तवापासून कोनी कॅमेरा काढला की बाबा दुपट्टा तोंडावर धरत. माह्या लग्नाच्या अल्बममध्ये जिथं जिथं बाबा हायेत तिथं तोंडावर दुपट्टा हाय, नाही तर मुंडी खाली हाय. आधार कार्डावर मोकळं तोंड हाय, पन ते पाह्यलं तर पोलीसच धरून नेतीन. लाजाळू मानूस, काय करता.

एक फोटो मात्र निंगाला. एका थंडीत हे मले घेऊन सकाळीच मळ्यात गेले होते, मेथीवरच्या दवाचे फोटो काढाले. ‘फुकटात मिळणारे विषय’ असा लेख लिहाचा होता. वाफ्याच्या कडेनं वाकत वाकत मागं सरकले अन् पान्याच्या दांडात बसले ना धपकन. पँट चिखलात, पन कॅमेरा दोन्ही हातानं वरतं धरेल, जसं काही लहान लेकरू. बाबाच्या हातात मेथीची जुडी होती. बाबा हसले. असे हसले की दुपट्टा बिपट्टा सगळं इसरले. अन् ह्याईनं चिखलात बसल्या बसल्याच बटन दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मी तवाच पाह्यलं. डोळे बारीक झालेले, दाताची खिडकी सताड उघडी, हातात हिरवीगार मेथी. जिंदगीत ह्या मानसानं माह्यासाठी एक काम चांगलं केलं ते हे, अन् ते मी नाकारत नाही.

कार्तिकात बाबा गेले. सकाळी मळ्यात गेले ते तिथंच. माहा भाऊ राजकुमार रडता रडता म्हने, “ताई, तेरवीले तो हसनारा फोटो पाहिजे. खामगावच्या स्टुडिओतून मोठा करून आनतो.”

हे बाजूलेच बसेल होते. म्हने, “कायले स्टुडिओवाल्याच्या घशात पैसे घालता? मी काढतो ना घरी.”

आता दुःखाच्या घरी जावयाचा शब्द कोन मोडनार? आमच्याकडे जावई उभ्यानं पानी मांगे तर बसाले पाट आनतात. राजकुमारनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं असतं तर तो गेला असता खामगावले, पन चार पावने बसेल, त्याईच्यासमोर नवऱ्याले कशी तोडू? राजकुमार म्हने, “ठीक हाय, भाऊजी.”

तेरवीले ह्याईनं फोटो आनला. फ्रेम आमच्याच घरातली, जुन्या लक्ष्मीच्या तसबिरीची. तिची काच फुटेल होती. काच बसवाले मानूस लय पैसे मांगते म्हून ती बसवलीच नाही. इचारलं तर म्हने, “काच नसली की उजेड मारत नाही, फोटो साजरा दिसते.” दिसला बी साजरा, खोटं कायले बोलू. माय त्याच्यासमोर बसून लय रडली. मोबाइलवर ठेवाले राजकुमारनं फोटो मांगतला तर ह्याईनं त्याले ब्लॉगवरचा बारका पाठवला, ज्याच्यावर ब्लॉगचं नाव आडवं टाकेल असते. चितेची राखही थंडी झाली नसंल, तोवर लेख आला: ‘दिवंगत व्यक्तीचा फोटो, घरच्या घरी’. त्यात आमच्या घरची भिंत, बाबाची फ्रेम, हार, सगळं. मढ्याच्या टाळूवरचं लोनी खानं म्हनतात ते हेच, दुसरं काही नाही. पन मी गप राह्यली. म्हनलं, मायच्या भिंतीवर बाबा तं हसून राह्यला.

आता मायचं सांगते. माय जनकाबाई. शाळेचं तोंड पाह्यलं नाही तिनं. पहाटे आंग धुतलं की देव्हाऱ्यातले देव ताम्हनात घेते, त्याईले पानी घालते, ओल्या फडक्यानं पुसते, बोट ओलं करून गंध लावते. तेरवीनंतर देवाचं झालं की तसंच बाबाचं. ओल्या फडक्यानं कालचं गंध पुसाचं, ओल्या बोटानं आजचं लावाचं. सगळ्याच बाया करतात. सगळ्याईच्या फ्रेमले काच असते. पुसल्या जाते ते काचेवरचं.

चैत सरत आला तवा राजकुमारच्या बायकोचा, रुपालीचा फोन आला. हळूच बोलून राह्यली होती. मायले ती आत्याबाई म्हनते. “ताई, तुमी एकडाव येऊन जा. आत्याबाई जेवत नाहीत धड. फोटोवर टावेल टाकून ठेवला.”

मी दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. माय ओसरीत बसेल होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मी आत जाऊन टावेल काढला. मेथी होती. मेथी अशी हिरवी, जशी आत्ता उपटली, कारन मेथीले कोनी गंध लावत नाही. हात होता, सदऱ्याचे गुंडे होते. अन् वरतं जांभळा डाग होता. कपाळ नाही, डोळे नाहीत, हसू नाही. कागदाची साल निंगेल अन् त्याच्यात शाई पसरेल.

माय मागून आली. म्हने, “माह्याच हातानं पुसले गेले ते, वंदे. रोज थोडे थोडे जात होते, मले वाटे माहीच नजर अंधुक झाली. मंग एक दिवस पाह्यलं तर डोळेच नाहीत. मी पापीन हाव. जित्तेपनी त्याईची सेवा केली अन् मेल्यावर त्याईचं तोंड खाल्लं.”

मी म्हनलं, “माय, तुह्यानं काही नाही झालं. ते शाईच कच्ची होती. काच नव्हती त्याले.”

“फोटोले काय होते पुसल्यानं? शेजारच्या गंगीच्या घरी तिच्या सासऱ्याचा फोटो हाय, तिच्या लग्नाच्या आधीचा. रोज पुसते ते. त्याईले काऊन काही झालं नाही?” मी काय सांगू तिले? जावयानं काच वाचवली असं? ते मी सांगतलंही असतं. पन तिनं मलेच चूप केलं असतं, जावयाबद्दल असं बोलू नये म्हून. मंग माय हळूच म्हने, “आखाजी आली आता. पह्यली घागर भराची हाय त्याईच्या नावानं. पाटावर काय ठेवू मी? ते येतीन अन् तोंडच नसंल, तर त्याईले कसं समजंल हे आपलंच घर हाय?”

आखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, आमच्याकडे गेलेल्या मानसाच्या नावानं नवी घागर भरतात, वरतं आंबा अन् खरबूज ठेवतात, पुरनपोळीचा निवद दाखवतात. पह्यल्या आखाजीले मानूस घरी येते असं मायचं पक्कं. मी तिले म्हनलं, “आखाजीच्या आत बाबाचा फोटो आनून देते. माहा शबद हाय.” तिनं माह्याकडे पाह्यलं नाही. पदरातले हात तिनं तसेच ठेवले.

घरी आली ती चपला काढाच्या आधी ह्याईले इचारलं, “बाबाचा फोटो कुठी हाय?”

“कोनता?”

“मेथीवाला. मोठा करून आनते स्टुडिओतून. काच लावून.”

हे सुईत शाई भरून राह्यले होते. म्हने, “तो नाही आता.”

“नाही म्हंजे? कॅमेऱ्यात?”

“कॅमेऱ्यात एकच कार्ड हाय. ते भरलं की पुसा लागते.”

“मंग कॉम्प्युटरात?”

“वंदे, छापल्यावर ठेवून काय कराचं? दरसाल नव्या डिस्का घेत बसू काय? ‘छापा आणि पुसा’, वाचला नाही काय लेख? छापलेला फोटो हाच खरा फोटो.” असं म्हनून ह्याईनं सुई उजेडात धरून पाह्यली. “ब्लॉगवर हाय की. तो घे.”

ब्लॉगवर हाय. बोटाएवढा हाय. फुकटच्या ब्लॉगात मोठे फोटो बसत नाहीत म्हून बारका करेल. अन् कोनी चोरू नये म्हून त्याच्यावर आडवं पांढरं लिहेल हाय, ‘हर्षलची काटकसर’. बरोबर बाबाच्या तोंडावरून. मी म्हनलं, “माह्या बापाचं तोंड कोन चोरनार होतं हो? तुमच्याशिवाय कोनं चोरलं?”

तवा हे चिडले. म्हने, “ओला हात लावते काय कोनी फोटोले? अक्कल पाहिजे मानसाले थोडी.”

अन् दुसऱ्या दिवशी लेख. मी मशीनवर बसून ब्लाउज शिवून राह्यली होती, मोबाइलवर टुंग झालं. ‘अनुभवातून शिका: घरी छापलेल्या फोटोला ओला हात लावू नका. आमच्या सासूबाईंनी अज्ञानापोटी एक सुंदर फोटो गमावला.’ खाली बावीस लोकं. ज्येष्ठांना समजावणे कठीण असते. उपयुक्त माहिती. धन्यवाद सर. मी मशीन बंद केली. इतके वर्षं मले ह्या मानसाचा राग येत होता, कधी हसू येत होतं, कधी कीव येत होती. त्या दिवशी काहीच आलं नाही. फक्त हा मानूस मले नको झाला. छकुली शाळेतून आली म्हून मी उठली अन् सैपाकाले लागली, तेही मंद आचेवर.

माह्या शिलाईच्या पैशानं मी खामगावले गेली, राजकुमारले घेऊन. स्टुडिओवाला पोरगा बरा होता. बारका फोटो पाहून म्हने, मोठा केला तर थोडा धुकट येईन, पन येईन. अन् हे अक्षरं काढून टाकू, आता कॉम्प्युटर सगळं करते. त्यानं दोन चार वेळा टकटक केलं. अक्षरं गेली. बाबा हसत होता, अन् बाबाले वरचे सगळे दात होते. सारखे, पांढरे, जाहिरातीतल्यासारखे.

राजकुमार म्हने, “हे बाबा नोहेत.”

मी म्हनलं, “दादा, याईले एक दात नव्हता. तेवढा काढा.”

पोरानं काढून पाह्यला. तिथं काळा ठिपका आला, दात किडल्यासारखा. दुसरीकडून केलं तर ओठच वाकडा झाला. तो म्हने, “ताई, अक्षराच्या खाली काय हाय ते मशीनले कुठी माहीत? ते आपल्या मनानं भरते. तुमाले खरंच तोंड पाहिजे असंल तर अक्षरं ठेवा लागतीन.”

मी लय वेळ त्या पडद्याकडे पाहत बसली. अक्षरावालं बाबाचं तोंड एका बाजूले, दातावालं एका बाजूले. अक्षरावाल्यात ‘ट’ अन् ‘क’ च्या मधात, नीट पाह्यलं तर, दाताची खिडकी दिसत होती. माय ते खिडकी पाह्यल्याशिवाय वळखनार नाही, हे मले पक्कं माहीत होतं. शेवटी म्हनलं, “अक्षरं राहू द्या.” राजकुमार बाहेर निंगून गेला, त्याच्यानं पाहवलं नसंल. फ्रेमले मी जाड काच लावाले सांगतली, दुकानात होती त्यातली सगळ्यात जाड.

आखाजीच्या सकाळी माय पाटासमोर बसली. घागर भरली, आंबा ठेवला, खरबूज ठेवलं. मी फ्रेम आनून भिंतीले टेकवली. माय पुढं सरकली, काचेजवळ डोळे नेले, अन् म्हने, “खिडकी दिसून राह्यली, पाह्य.” अन् हसली. कार्तिकानंतर मी तिले पह्यल्यांदा हसतानी पाह्यलं. रुपाली दारात उभी होती, ती आत पळून गेली.

मंग मायनं इचारलं, “हे तोंडावर काय लिहेल हाय वं?”

राजकुमारनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हनलं, “बाबाचं नाव हाय, माय.”

“त्याईचं नाव?”

“हाव. आता असंच लिहतात. फोटोवरच.”

आमच्या मायनं उभ्या जन्मात बाबाचं नाव तोंडातून काढलं नाही. नाव घ्या म्हनलं तर उखान्यातसुद्धा लाजून उठून जाय. दवाखान्यात, बँकेत कोनी इचारलं तर माह्याकडे बोट दाखवे, हे सांगंल म्हून. तिनं पदरातून उजवा हात काढला, बोट ओलं केलं, कपाळावर गंध लावलं. काचेवर ते लागलं अन् बाबाले काही झालं नाही. ते पाहून तिनं धीर केला अन् बोट खाली त्या अक्षरावर ठेवलं. ‘ह’ पासून निंगाली, सावकाश, एकेका अक्षरावर थांबत, ओठ हलवत, आवाज न करता. जन्मभर घेतलं नाही ते नाव ती आता बोटानं घेत होती.

हे दुपारी जेवाले आले. पाटावरची फ्रेम पाहून थांबले. अक्षरं वाचले. मले वाटलं, आता तरी ह्या मानसाले कुठं तरी रुतंल. माय पदर सावरून म्हने, “जावईबुवा, तुमचे लय उपकार हायेत. तुमी तो फोटो काढला म्हून आज ते घरी आले.” ह्याईनं हात जोडले. म्हने, “आपलंच घर हाय, मामी.” अन् पुरनपोळी खाऊन झाल्यावर कॅमेरा काढला. फ्रेम जरा तिरपी करून, घागरीसकट, एक फोटो घेतला.

आता ती फ्रेम मायच्या घरी देव्हाऱ्याच्या बाजूले हाय. ती रोज पहाटे आंग धुतल्यावर देवाचं करते, मंग बाबाले गंध लावते, अन् मंग त्या नावावरून बोट फिरवून बोट कपाळाले लावते. राजकुमार तिथंच उभा असते, रुपाली असते, मी गेली की मी असते. वाचता सगळ्याईले येते. कोनी वाचून दाखवत नाही.